ओलं सूत, सुकं सूत

नंदनवन, नागपूर
२७ मार्च २०२४

ती. सिंधूताई,

आजपर्यंत मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू क्रमाने लिहितो. बाराव्या वर्षी सायकलच्या डायनॅमोवर फिरणारा पंखा. एकोणिसाव्या वर्षी मोटरची तार गुंडाळायचं यंत्र, ज्यावर आजही माझं दुकान चालतं. त्यानंतर दोन कूलर (एक अजून शेजारच्या वच्छलाबाईंकडे चालू आहे), वीज गेली की आपोआप वाजणारी घंटा, कौसल्येसाठी लसूण सोलायची चक्की (तिने ती वापरली नाही, पण चक्की चालते). आणि मागच्या वर्षी धूरपेटी. दोनशे लिटरचा तेलाचा ड्रम, बाहेरून दीड इंच काचलोकर, त्यावर पत्रा, खाली निखाऱ्यांचं ताट, वर मांस टांगायला सहा हूक. दाराची फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

यातलं एकही काम मला कोणी शिकवलेलं नाही. दहावी नापास माणसाला कोण शिकवतो?

हे एवढ्यासाठी लिहिलं की परवा धुळवडीला तू माझ्या अंगणात, चार लोकांसमोर, मटणाचा तुकडा ताटाच्या कडेला सारून म्हणालीस, "जागेश्वर, हे कोणाची चप्पल होय गा?" सगळे हसले. कौसल्या तर अजून हसते. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून मी लिहितो आहे, आणि लिहिलं की तुला मधेच तोडता येत नाही.

ताई, ती पेटी कशी चालते ते तू नीट समजून घे. आत एक सेन्सर आहे. तो दर दोन सेकंदांनी आतली उष्णता मोजतो आणि बाहेरच्या बोर्डाला कळवतो. उष्णता कमी झाली की बोर्ड निखाऱ्यावर पंखा सोडतं, वाढली की पंखा बंद करून धुराड्याची झडप अर्धी लावतं. आकडा एकशे दहा. वर तीन, खाली तीन, त्याबाहेर जात नाही. पाच तास कोणी जवळ बसायची गरज नाही. बोर्डात काय लिहायचं ते मी मोबाईलवर बघून सात महिने शिकलो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच पेटीतलं मटण तू दोनदा मागून घेतलं होतंस. तेव्हाही एकशे दहा, परवाही एकशे दहा. वही समोर आहे, दर दहा मिनिटांची नोंद आहे. बोकड त्याच माणसाकडचा, मागच्या पायाची रान पावणेदोन किलोचीच, मसाला कौसल्येचाच. सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवून पाहिला, नव्व्याण्णव दाखवतो, म्हणजे बरोबर. मग पोळ्याला लोणी आणि धुळवडीला चप्पल कशी?

मला यात राग कमी आणि नवल जास्त आहे. पण घाईही आहे. हुडकेश्वर रोडवर ज्यांचं भोजनालय आहे ते मुकुंदराव दोन्ही दिवशी जेवायला होते. त्यांना ही पेटी हवी आहे. जाताना म्हणाले, "जागेश्वरभाऊ, पावसाळ्यात जमलं म्हणजे काय जमलं? नवतप्याच्या उन्हात करून दाखवा, मंग बोलू." तारीखही देऊन गेले, रविवार, २६ मे. त्या दिवशी पुन्हा चप्पल निघाली तर मी आयुष्यभर मोटरीच गुंडाळत बसणार, हे तुलाही कळतं आणि मलाही.

तुझा,
जागेश्वर


उमरेड
२ एप्रिल २०२४

चि. जागेश्वर,

तुह्यं पत्र पोचलं. लसणाची चक्की चालते हे वाचून लई बरं वाटलं. लसूण सोलते का नाही ते लिहिलं नाही.

चप्पल म्हटलं म्हणून एवढं मोठं पत्र? तुले लहानपणी कोणी काही म्हटलं की तू माळ्यावर जाऊन बसे, आता कागदावर जाऊन बसते. बरं हाय, मले वाचाले भेटते. इथं पोरीचं घर दूर, फोनवर आवाज तं कोणाचाच येत नाही, कानात घूं घूं घूं नुसती.

तुह्या वहीत उष्णता हाय, तास हाय, बोकड हाय. हवा कोठी हाय? पोळ्याले पाऊस किती होता, मी आली तेव्हा लुगडं घोट्यापर्यंत ओलं होतं. धुळवडीले ओठ फाटून राहिले होते. मी खड्डामागावर बसते, पाय खड्ड्यात सोडून, चाळीस वर्षं झाली. माग तोच, सूत तेच, बसणारी मीच. आषाढात दिवसाले दोन धागे तुटते. चैत्रात चाळीस. काहून? मले कोणी सेन्सर नाही दिला, पण मले मालूम हाय. कोरडी हवा सुतातलं पाणी पिते, सूत कडक होते आन् तटकन जाते. म्हणून बा खड्ड्यात पाणी सोडे आन् ताण्याच्या उभ्या धाग्यांखाली ओलं पोतं ठेवे. तू तेव्हा पळून जाये, म्हणून तुले आठवत नसन.

सुताचं पाणी पिते तं मटणाचं नाही पिणार का? तुह्या पेटीत एक ओलं पोतं ठेव.

कौसल्याले म्हण, नवऱ्याच्या मटणात तिखट कमी टाक.

सिंधू


नंदनवन
११ एप्रिल २०२४

ती. ताई,

एकशे दहा अंशाच्या पेटीत पोतं ठेवलं तर ते जळतं. हे मी करून पाहिलं म्हणून लिहितो. अर्धं पोतं, बावीस मिनिटं. कौसल्येने शेजारच्या बायकांना बोलावून दाखवलं.

पण तुझं म्हणणं तीन दिवस डोक्यातून गेलं नाही. पोत्याच्या जागी पाण्याचं ताट ठेवलं. मटण मऊ निघालं, अतिच मऊ, वरचा मसाला धुऊन गेल्यासारखा, आणि धूर लागलाच नाही. कौसल्या म्हणाली, "हे तं कुकरमधलं होय." म्हणजे पाणी कमी तर चप्पल, जास्त तर कुकर. याचा अर्थ ताई, मधे कुठेतरी एक आकडा आहे. उष्णतेला आहे तसा ओलीलाही आकडा आहे, आणि तो मी आठ महिने मोजलाच नाही. चुकीचं मोजत नव्हतो, अर्धंच मोजत होतो.

तो मोजायची युक्ती सापडली. एक सेन्सर उघडा ठेवायचा. दुसऱ्यावर सुती धागा गुंडाळून त्याचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडायचं. धागा पाणी वर ओढतो, ते पाणी उडून जाताना सेन्सरला थंड करतं. हवा जितकी कोरडी, तितका ओल्या सेन्सरचा आकडा खाली. दोन आकड्यांतली तफावत म्हणजे हवेची तहान. माठातलं पाणी का गार होतं, तेच हे. मला इतकं साधं काही इतक्या उशिरा कळल्याचा राग येतो आणि रात्री झोपताना हसूही येतं.

आता अडचण सुताची. बाजारात मिळतं ते सगळं भेसळीचं, निम्मं नायलॉन, पाणी ओढतच नाही. तुझ्याकडचं अस्सल सूत थोडं पाठव. वीस हात पुरेल. जाडी कितीची आहे तेही लिही.

२६ मेला पंचेचाळीस दिवस आहेत.

जागेश्वर


उमरेड
१६ एप्रिल २०२४

चि. जागेश्वर,

वीस हात मागितलं, दोनशे हात पाठवते. ऐंशी नंबरचं हाय, शुद्ध कापूस, बारीक हाय पण दमाचं. पायजे तितकं घे, मले लागत नाही.

अर्धं पोतं जाळलं म्हणते, उरलेलं अर्धं कौसल्याले दे, दारात टाकन.

सिंधू


नंदनवन
६ मे २०२४

ती. ताई,

पंचवीस दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आजही नाही, पण कोणाशी तरी बोललं पाहिजे.

दोन्ही सेन्सर सारखाच आकडा दाखवतात. उघडा एकशे दहा, ओला एकशे नऊ. एकशे नऊ म्हणजे ओला नाहीच! मी काय काय केलं ते लिहितो. सेन्सर बदलला, तीन वेळा. सीताबर्डीच्या दुकानदाराशी भांडलो, तो म्हणाला, "काका, आता तुम्हीच दुकान चालवा." बाटली उंच केली, खाली केली, पाणी बदललं. धागा एकपदरी, तीनपदरी, नऊपदरी गुंडाळला. बोर्डातल्या आज्ञा मुळापासून पुन्हा लिहिल्या, चारशे अकरा ओळी. परवा तर मी सेन्सर बाहेर काढून नुसत्या हवेत धरला, पंख्यासमोर. बाहेर त्रेचाळीस अंश. ओलाही त्रेचाळीस. माठ गार होतो आणि माझा धागा होत नाही, हे कसं शक्य आहे?

सुतावर मी शंका घेतलेली नाही. तू पाठवलं आहेस म्हणजे ते चांगलंच असणार.

काल मुकुंदराव दुकानावर येऊन गेले. पेटीकडे बघून म्हणाले, "दोन काटे लावले की काय भाऊ, एक बिघडला तं दुसरा?" उरले वीस दिवस.

जागेश्वर


उमरेड
१० मे २०२४

अरे येड्या,

पत्र वाचून मी इतकी हसली का शेजारची भैरवी पाहाले आली, म्हातारीले काय झालं म्हणून. ते सूत पाजलेलं हाय!

कोष्ट्याच्या पोटी जन्मला आन् पाजलेलं सूत हाताले समजलं नाही? खळ लावलेली हाय त्याले, भाताची, आन् मी खळीत तेलाचं बोट देते, म्हणजे धागा घासला तरी पिंजत नाही. त्याच्यावर पाणी टाकलं तं थेंब होऊन घरंगळते. ते कायले पाणी वढन? नऊपदरी नाही, नव्वदपदरी गुंडाळलं असतं तरी तसंच. तुह्या त्या दुकानदाराची माफी माग.

चूक मायी बी हाय. तू सूत म्हटलं, मी हाताशी होतं ते गुंडाळून टाकलं, इचार केला नाही. मले सूत म्हणजे पाजलेलंच.

आता ऐक. भाताच्या गंजात पाणी घे, धुण्याचा सोडा टाक चमचाभर, तासभर उकळ. पाणी पिवळं होईन ते फेक. दुसरं पाणी घेऊन पुन्हा उकळ. मंग पिळू नको, नुसतं लटकव. वाळलं की त्याच्यावर एक थेंब टाकून पाह्य. थेंब बसला तं पुन्हा उकळ, गायब झाला तं झालं.

आन् चारशे अकरा ओळी कायले लिहिल्या, एक ओळ मले लिहिली असती.

सिंधू


नंदनवन
१८ मे २०२४

ती. ताई,

थेंब गायब झाला.

आकडे लिहितो. पेटी एकशे दहावर, आत पाण्याचं ताट न ठेवता ओला सेन्सर त्रेचाळीस. सदुसष्ट अंशांची तफावत! एवढी तहान होती त्या हवेला आणि मी धुळवडीला त्यात बोकड टांगला होता. मग थेंब सोडायची सोय केली. रामदासपेठेतल्या औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणली (दुकानदाराने विचारलं पेशंट कोण, मी म्हटलं बोकड), तिच्यावर जुन्या धुलाई यंत्रातली झडप बसवली आणि खाली निखाऱ्यावर तापणारा तवा. ओला आकडा घसरला की बोर्ड झडप उघडतं, तव्यावर थेंब पडतात, वाफ होते, आकडा चढतो. पाच वेळा मटण केलं. पंचावन्नला अजून चिवट, बासष्टला कुकर. अठ्ठावन्नला, ताई, पोळा.

पुन्हा पुन्हा करून पाहिलं. आज बाहेर पंचेचाळीस अंश होते आणि आत पेटीत पावसाळा.

आता एक विचारायचं आहे. हे सगळं जमल्यावर मी तुझं ते सूत पुन्हा हातात घेतलं. दोनशे हात. पाजणीच्या दिवशी मी नेहमी पळून जायचो हे खरं, पण इतकं मलाही माहीत आहे की पाजतात तो ताणा, आणि पाजलेला ताणा लगेच मागावर चढतो. पाजलेलं सूत घरात मोकळं पडलेलं नसतं. धाग्यांची टोकं मी भिंगाखाली पाहिली. तुटलेली नाहीत, कात्रीने कापलेली आहेत. सगळी एका रेषेत.

तू लिहिलं होतंस, "मले लागत नाही." ते मी तेव्हा वाचून पुढे गेलो.

ताई, ताणा कापलास का?

जागेश्वर


उमरेड
२२ मे २०२४

चि. जागेश्वर,

भिंग कायले लावते गा. बहिणीच्या सुताले भिंग लावते का कोणी.

हाव. कापला. जानेवारीत. अर्धं लुगडं झालं होतं. गुडघ्यानं खड्ड्यात उतरता येते, पण पाण्याची बादली घेऊन उतरता येत नाही. दिवसातून चार बादल्या लागते. पाणी नाही तं ओल नाही, ओल नाही तं धागा तुटते, सांधते सांधते तं डोळे जाते. मागच्या उन्हाळ्यातलं लुगडं विणकर सोसायटीनं वापस केलं, गाठी दिसते म्हणे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा वापस आलं. मले नाही सहन झालं. म्हणून पुढच्याले कात्री लावली.

तुले काहून नाही सांगतलं? तुले सांगतलं असतं तं तू दुसऱ्या दिवशी मोटर घेऊन आला असता. बा असताना आणली होती ना, मागाले लावाले? बा दोन वर्षं तुह्याशी बोलला नाही. मले ह्या वयात भांडण नको होतं.

ते जाऊ दे. तुहा रविवार चांगला होऊ दे. मुकुंदराव जेवून उठला की कौसल्याले म्हण दोन ओळी लिहून टाक. मटण मऊ झालं हे मले त्या दिवशीच मालूम पडलं पायजे.

सिंधू


उमरेड
१० जून २०२४

चि. जागेश्वर,

तू आला काय, गेला काय, दोन दिवसांत. जेवताना बी खड्ड्यातच. मी दारात उभी राहून पाहत होती का हा मोटर कुठी लावते. नाही लावली. मागाले हात लावला नाही तू, हे मी पाहिलं.

तू मागाजवळ लावलेली पेटी चालू हाय. भिंतीवर दोन सेन्सर, एकाले मायंच सूत, उकळलेलं. दोघांत दहाचा फरक झाला का कूलरचा तो बारका पंप घुर्र करते (मले आवाज नाही येत, भैरवी सांगते) आन् खड्ड्यातलं पोतं ओलं होते. बादली नाही, उतरचढ नाही. मी बसली का उठते ते जेवाले.

नवा ताणा चढवला. पहिल्या दिवशी अकरा धागे तुटले, हाताची सवय मोडली होती म्हणून. काल तीन. जूनमध्ये तीन! पाऊस अजून आला नाही इथं. सोसायटीचा माणूस आला, त्यानं कापड उजेडात धरून पाहिलं, काही बोलला नाही, नवीन सूत ठेवून गेला. बोलला नाही म्हणजे पास.

आता तू सांग. रविवारचं मटण चांगलं झालं हे कौसल्यानं लिहिलं, मुकुंदराव हाड चोखत होता हे बी लिहिलं. पुढचं कोणी लिहित नाही. तू दोन दिवस इथं होता तं एक अक्षर काढलं नाही. कौसल्या म्हणते कागद आला होता, स्टॅम्पवाला, आन् तू वापस केला. काहून गा? रकम कमी होती का? किती देऊन राहिला होता? खरं लिही, माळ्यावर जाऊन बसू नको.

सिंधू


नंदनवन
१७ जून २०२४

ती. ताई,

अकरावरून तीन. वाचून मी वहीत लिहून घेतलं. दहाचा फरक आठवर आणून पाहायचा का? पंपाच्या बाजूला काळी चकती आहे, ती डावीकडे एक खूण फिरव. पोतं चिंब होत असेल तर परत आण. दोन्ही दिवसांचे तुटलेले धागे मोजून कळव, अंदाजे नको.

आता कागदाचं. रविवारी सातजण जेवले. मुकुंदराव चार वाजता उठले, हात धुतले, पेटीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "भाऊ, मानलं." मंगळवारी कागद घेऊन आले. चांगले गृहस्थ आहेत, फसवायला आलेले नव्हते. पाच कलमं होती. पेटी, नकाशा, बोर्डातल्या आज्ञा सगळं त्यांना द्यायचं. त्यांच्या तीन भोजनालयांत पेट्या मीच बसवायच्या, त्याची मजुरी वेगळी. इथपर्यंत मला सगळं मान्य होतं, मी पेनही काढलं होतं.

तिसरं कलम असं की ओल्या-सुक्या सेन्सरची ही रीत मी दुसरीकडे कुठेही, कोणत्याही कामासाठी वापरायची नाही आणि कोणाला द्यायची नाही. मी म्हटलं, उमरेडला बहिणीच्या मागाजवळ एक लावायची आहे, दोन दिवसांत जाणार आहे. ते म्हणाले, "बहीणच आहे ना? तिले एक मोठा कूलर घेऊन देऊ, माझ्याकडून." मी त्यांना कूलर आणि खड्ड्यातली ओल यातला फरक समजावला. वीस मिनिटं. कूलरचा वारा ताण्यावर लागला तर सूत हलतं, ओल ताण्याखालून, पोत्यातूनच यायला हवी; मला तुझ्याच पत्रांतून इतकं कळलं आहे. ते ऐकून घेत होते, पण म्हणाले, वकिलाने सांगितलं आहे, एक अपवाद केला की कागदाला अर्थ राहत नाही.

पाचवं कलम वाचताना मी थांबलो. "सदर यंत्र मी एकट्याने, कोणाच्याही मदतीशिवाय व शिकवणीशिवाय तयार केले आहे." मार्च महिन्यात मी तिथे दोनदा सही केली असती आणि खाली तारीखही घातली असती.

कागद परत केला आणि मुकुंदरावांना चहा दिला. पेटी त्यांना हवी तेव्हा वापरायला मोकळी आहे, दर रविवारी मटण इथून घेऊन जातात. कौसल्या आधी चिडली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मागाजवळच्या पेटीले कव्हर शिवून देते, धूळ बसते." मापं पाठव.

तू रक्कम विचारलीस. मी ती उमरेडला सांगितली नाही कारण तू खड्ड्यातून वर येऊन पेटी उपटून माझ्या हातात दिली असतीस. आता नवा ताणा अर्ध्याच्या वर विणून झाला असेल, म्हणून लिहितो. मुकुंदरावांनी देऊ केलेले आणि मी परत केलेले: रुपये ३,४०,०००. अक्षरी तीन लाख चाळीस हजार फक्त.

जागेश्वर